झाडाच्या मापाचा कोट

समता टेलर्स,
मु. पो. टेंभुर्णी, ता. जाफराबाद
सोमवार, ११ डिसेंबर १९७८ (सकाळी पावणेआठ)

आदरणीय साडूभाऊ अप्पारावजी यांस,

पुंजाराम टेलरचा मनापासून जयभीम. इकडे सर्व बरं आहे. बरं म्हणजे, चांगुणाबाईंचा खोकला गेला, शेळी व्याली (दोन करडं, एकाचा मागचा डावा पाय पांढरा), आणि माझा गुडघा मशीनच्या पायट्यावर असेपर्यंत दुखत नाही, उतरला की दुखतो. तुमच्या कंबरेचं कळवा. मालधक्क्यावरची पोती मोजायची असतात, उचलायची नसतात, हे मी मागंही बोललो होतो. कंबरेला रुईचं पान बांधत असाल तर पानाची लवेची बाजू अंगाला येऊ द्यावी; अक्का उलटी बांधतात असा माझा दाट संशय आहे. अक्कांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब किती, दोन का तीन, तेही कळवणे. चि. वसंताला मंगल कामना. येत्या रविवारी त्याचा मंगल परिणय, घरात धावपळ असेल, तुम्हाला वाचायला सवड नसेल, म्हणून पत्र आटोपशीर लिहितो.

तर मुद्दा असा, की तुमच्या गावच्या एका काडीनं गेले पाच महिने मला जे दाखवलं ते चौदा वर्षांच्या दुकानदारीनं दाखवलं नव्हतं. आषाढात मी जालन्याला, मस्तगडात तुमच्याकडे आल्तो ते आठवत असेल. परत जाताना तुम्ही मला सोडायला आल्ते आणि वाटेत छत्री उलटी झाली (तुमची, माझी नव्हे). तिथं रेल्वेच्या बंगल्याचा माळी कुंपण छाटत होता. छाटलेल्या ढिगातून मी एक सरळ काडी उचलली. लांबी बेचाळीस इंच, जाडी अंगठ्याएवढी. उद्देश एवढाच, की टेंभुर्णीच्या फाट्यावर उतरल्यावर कुत्री अंगावर आली तर हातात काही असावं. कुत्री आली नाहीत. काडी घरी आली. मी ती दुकानाच्या खिडकीवर तरट टाकलंय त्याला टेकू म्हणून जमिनीत रोवली आणि विसरून गेलो. सतराव्या दिवशी टेकूला कोंब फुटले. साडूभाऊ, मी खांबाला पालवी फुटल्याच्या गोष्टी ऐकल्या आहेत, पण त्या सांगणाऱ्यांपैकी एकानंही तारीख लिहून ठेवलेली नसते. मी ठेवली आहे. २९ जुलै, शनिवार.

त्यानंतर ते झाड जे सुटलं ते विचारू नका. दर बाजाराच्या दिवशी सकाळी मी टेप लावून माप घेत असे आणि गिऱ्हाइकांच्या मापाच्या वहीतच, झाडाचं एक पान करून, लिहून ठेवत असे. पोळ्याला सात फूट दोन इंच. पान पंजासारखं, कुठं तीन बोटांचं, कुठं पाच, कडेला बारीक कातरा. आता हे झाड कुठलं? गावात ज्याला विचारावं त्याला ठाऊक. एक म्हणाला एरंड. एक म्हणाला रानकापूस. आमच्या चांगुणाबाई म्हणाल्या, अंबाडीच हाय, अन मला इचारताच तिची भाजी टाकली. ती भाजी मी एकट्यानं, ताटातली पूर्ण, खाल्ली. आवड म्हणून नव्हे, चाचणी म्हणून. कडुनिंब ज्यानं खाल्लाय त्याला कडू म्हणजे काय ते ठाऊक असतं. हे त्याच्या पुढं होतं. दोन दिवस मला चहा गोड लागला नाही. पण त्या कडूपणानं मला धागा सापडला. तो वास मी ओळखत होतो. शेवंतीचं पान चुरगाळलं की येतो, झेंडूचं चुरगाळलं की येतो, त्याच्याच मोठ्या भावासारखा. मी जाहीर करून टाकलं, की हे झाड शेवंतीच्या घराण्यातलं आहे. दुकानात सात माणसं होती. सातही हसली.

हसणाऱ्यांचं मला काही वाटत नाही. मी चौथी पास. शिवण मला कुणी शिकवली नाही हे तुम्ही जाणताच. एका रिटायर हवालदाराचा जुना कोट मी रद्दीच्या भावात घेतला, टाका न् टाका उसवला, तुकडे ओळीनं मांडले आणि पुन्हा शिवला. तिसऱ्या खेपेला तो हवालदारानंच ओळखला नाही. उसवल्याशिवाय शिवण कळत नाही, हे माझं शिक्षण. तेच मी फुलांना लावलं. वनस्पतिशास्त्राचं एक शाळेचं पुस्तक मजजवळ आहे (रद्दीतलंच, पान ४१ ते ९६, पुढं-मागं काही नाही). त्यात लिहिलंय, की सूर्यफूल हे एक फूल नसून फुलांचा जमाव असतो. कडेची जी पाकळी दिसते तीसुद्धा एक पूर्ण फूल, आणि मधल्या चकतीत शेकडो बारकी फुलं खेटून बसलेली. अशा सर्वांचं एक कूळ. मी झेंडू उसवला, शेवंती उसवली, भुजंगरावांच्या (हे पुढं येतीलच) रानात पडलेलं गेल्या सालचं करडईचं वाळकं बोंड उसवलं (दोन दिवस बोटं काट्यांनी सुजली, काजं वाकडी झाली). खरंच, प्रत्येकात जमाव! आपण हारात एक शेवंती ओवतो आणि ओवत असतो एक अख्खं गाव. एवढी गोष्ट मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत कुणी सांगू नये, याचा मला राग आला. पुस्तक मात्र ९६व्या पानावर ऐन वाक्यात तुटतं: "या कुळातील काही झुडपे". काही झुडपे काय करतात ते पुढं गेलं. हेच ते झुडूप, हे माझ्यापुरतं त्या क्षणी ठरलं.

इथं भुजंगराव आले. भुजंगराव म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्यांचा गोठा आहे ते. गावच्या चार पंचांतले एक, आणि माझं गिऱ्हाईक (बंडीला आतून चोरखिसा लागतो, तो कुठं असतो ते मी कुणाला सांगत नाही). त्यांची गाडी वळवायला माझं झाड आडवं यायला लागल्तं, हे खरं कारण. सांगितलेलं कारण निराळं. पोळ्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांच्या म्हशीनं झाडाला तोंड घातलं, आणि म्हणे त्या संध्याकाळपासून दूध घटलं. मी म्हशीनं टाकलेलं पान उचलून आणलं. ते वहीत दाबून ठेवलंय. दातांची खूण पाऊण इंच, आणि पान तिनं गिळलेलं नाही, थुंकलेलं आहे. म्हशीला जी अक्कल आली ती मला भाजीच्या वेळी आली नव्हती, हे मी पंचांपुढं मोकळेपणी कबूल केलं. उपयोग झाला नाही. भुजंगराव म्हणाले, "इखारी झाड हाय. नाव न्हाई, गाव न्हाई, कूळ न्हाई. असं कोण्हीबी येऊन गल्लीत उभं राहील तं कसं चालंल?"

साडूभाऊ, हे वाक्य झाडाविषयी होतं हे मला कळतं. पण आपल्या कानांनी नाव-गाव-कुळाची चौकशी पूर्वीही ऐकलेली आहे, आणि ते कान अजून डोक्याला आहेत. मी ताडकन उभा राहिलो आणि म्हणालो, नाव-गाव-कूळ तिन्ही आणून देतो, लेखी देतो, शिक्क्याचं देतो. पंच म्हणाले, ठीक. नोव्हेंबरअखेर मुदत. तोवर लेखी आलं तर झाड राहील, न्हाई तं भुजंगरावांच्या कुऱ्हाडीला मोकळीक. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. घरी आल्यावर लक्षात आलं, की मी ज्याच्यावर पैज मारली त्याला अजून एक कळीही आलेली नाही.

लगोलग शेतकी कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना पत्र घातलं. सोबत पान (दोन्ही बाजूंनी दाबून), सालीचा तुकडा, उंचीचा तक्ता आणि चवीचं वर्णन. भला माणूस, दहा दिवसांत कार्ड आलं. चार ओळी: पान पाहून नक्की सांगता येत नाही, फुलाशिवाय ओळख पटवणं योग्य नव्हे, फूल आल्यावर ताजं फूल देठासह पाठवावं. मला ते पटलं. नुसती बाही दाखवून कोट कुणाचा ते मीही सांगणार नाही. म्हणजे आता सगळं फुलावर येऊन ठेपलं. फूल, आणि तेही नोव्हेंबरच्या आत.

मंग मी झाडाच्या मागं लागलो. लेंडीखत घातलं, पाटीनं नव्हे, मापानं. चहाचा चोथा घातला. ताकाची निवळ घातली. कुणी म्हणालं झाडाला भीती घातली की फुलतं, तर एक सकाळ मी कात्री घेऊन त्याच्यासमोर उभा राहिलो. (चांगुणाबाईंनी पाहिलं. त्या नुसत्या बहिणीला कळवते म्हणाल्या. अक्कांना कळलं असेल तर ते असं होतं.) झाड नऊ फुटांवर गेलं, दहावर गेलं, पाना-पानांनी लदलं, पण कळीचं नाव नाही. आणि विहाराच्या अंगणातली शेवंती, जिला कुणी पाणीसुद्धा वेळेवर घालत नाही, ती फुलून दाटलेली. रोज भुजंगराव गाडी वळवताना बैल थांबवून विचारायचे, "पुंजा टेलर, गुंड्या लावल्या का न्हाई झाडाला?" बैलसुद्धा माझ्याकडं बघायचे.

आता ऐका. दसरा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, १२ ऑक्टोबर, माप घेत होतो. दुकानाची पत्र्याची पाटी ठाऊक आहे ना, तीन फूट बाय दीड, खिडकीच्या उजव्या अंगाला लटकते? तिच्या मागं एक फांदी अडकून वाढलेली. तिच्या शेंड्याला दोन हिरव्या गुंड्या! शर्टाच्या नव्हे, कोटाच्या, चांगल्या अर्ध्या इंची. साडूभाऊ, हातातली टेप मी गळ्यात टाकली. आणि मी काय केलं असेल? जे मी आयुष्यभर करत आलो तेच केलं. पाटावर पांढरं कापड अंथरलं, भिंग घेतलं, नऊ नंबरची सुई घेतली, आणि दोन्ही गुंड्या उसवल्या. पहिलीत मधे चौऱ्याऐंशी बारकी फुलं, पोपटी, कच्ची, एकमेकांना खेटून, दुसरीत एकोणऐंशी. जमाव! शेवंतीचंच घराणं! मी ओरडलो. चांगुणाबाई बाहेर आल्या, पाटावर पसरलेलं ते सगळं बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "दोन व्हत्या ना? मंग एक ठिवायची व्हती."



पण चूक झाली म्हणून हात बांधून बसणारा मी नाही. मी विचार लावला. दहा फुटी झाडाला कळ्या दोनच का, आणि त्या पाटीमागंच का? खत म्हणावं तर मूळ एकच. पाणी एकच, वारा एकच. पाटीमागं वेगळं काय आहे? दिवसभर मी तिथं स्टूल टाकून बसलो आणि काहीच वेगळं दिसलं नाही. अंधार पडल्यावर खिडकीतला बल्ब लावला आणि उजेड पडला. उजेडच तर होता सगळा! दोनशे वॅटचा बल्ब. गणपतीपासून दिवाळीपर्यंत शिलाईचा हंगाम, एक-दीड वाजेपर्यंत मी मशीनवर, बल्ब खिडकीत, आणि झाड खिडकीशी. दुसऱ्या अंगाला खांबावरचा दिवा, तो तर पहाटेपर्यंत. म्हणजे माझ्या झाडानं दोन महिन्यांत रात्र पाहिलीच नव्हती. फक्त पाटीमागच्या त्या फांदीला सावली होती, ती झोपली, आणि जी झोपली ती फुलली. विहाराची शेवंतीही अंधारात होती. या घराण्याला फुलायला रात्र लागते, आणि मी त्याला लेंडीखत चारून जागरण घडवून राह्यल्तो. माझ्या पुस्तकात हे नाही. (कदाचित ९७व्या पानावर असेल.)

दिवा बंद करावा तर दिवाळी तोंडावर आणि एकसष्ट नग शिवायचे. खांबावरचा दिवा बंद करावा म्हणून भुजंगरावांना भेटलो. "म्हंजी तुह्या झाडाला झोप याव म्हून गाव अंधारात ठिवू व्हय?" एवढंच बोलून ते धार काढायला गेले. मंग उरला एकच इलाज, झाडावर पांघरूण. गोणपाट टाकून पाहिलं. आत डोकं घालून मोजलं तर उजेडाची बेचाळीस भोकं. गोधडी टाकली, तिच्या वजनानं एक फांदी मोडली. चांगुणाबाईंच्या लुगड्याचा विषय काढला, तर त्या पेटीवर बसून राहिल्या आणि मी विषय सोडेपर्यंत उठल्या नाहीत. शेवटी एक गर्द निळं, दाट विणीचं, बिलकुल उजेड न सोडणारं टेरिवूल कापड घरात होतं, ते घेतलं.

दहा फुटांचं सगळं झाड झाकणं अशक्य. मी दक्षिणेची, एकाच बुंध्यातून फुटलेल्या तीन फांद्यांची जुडी निवडली. आता नुसतं गुंडाळायचं हे माझ्या हातून व्हायचं नाही. शिंपी आहे, हमाल नव्हे (तुमच्या मालधक्क्याचा अपमान नाही). मी रीतसर माप घेतलं, खडूनं आखलं, बेतलं आणि शिवला: कोट. तीन बाह्यांचा. पुढं गुंड्या, आत काळं अस्तर, बाह्यांच्या टोकाला नाडी. संध्याकाळी साडेपाचला घालायचा, सकाळी साडेसातला काढायचा, झटकून घडी करायची. १५ ऑक्टोबरपासून एक दिवस चुकला नाही, लक्ष्मीपूजनालासुद्धा नाही.

गावानं काय केलं असेल ते तुम्ही ओळखाल. पोरं झाडाला "साहेब" म्हणायला लागली. एका म्हातारीनं नवस कसला बोललास विचारलं. भुजंगराव म्हणाले, "कोट तं झाला, आता टाय बांध अन बसव कचेरीत." जाफराबादकडचा एक पाहुणा एका संध्याकाळी झाडाला जयभीम घालून विहाराची वाट विचारत राहिला, आणि उत्तर येईना म्हणून, टेंभुर्णीची माणसं माजली, असं गल्लीभर सांगत गेला. घरात तर बोलायची सोय नव्हती. चांगुणाबाईंचं म्हणणं एकच, "माह्या चोळीचा हूक तुटला त्याला तीन महिने झाले. म्या बी उद्यापून गल्लीत उभी राहते पानं लावून, मंग तरी शिवसान." त्यात तथ्य होतं. हूक मी त्याच रात्री लावला. (डबल टाका.)

पण साडूभाऊ, ४ नोव्हेंबरला सकाळी कोट काढला, तर तीन फांद्यांवर मिळून अकरा गुंड्या! कोटाबाहेरच्या झाडावर एकही नाही. एका झाडावर, एका मुळावर, कोटात अकरा आणि कोटाबाहेर शून्य. याहून सरळ पुरावा कोर्टातही मिळत नाही. या वेळी मी सुई पेटीत टाकली, पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली चांगुणाबाईंना दिली. त्यांनी ती कंबरेला खोचली.

पहिलं फूल उमललं २८ नोव्हेंबरला. पिवळं, पण करडईचं पिवळं नव्हे, हळदीच्या लुगड्याचं. आरपार साडेचार इंच, कडेच्या जिभा तेरा. मी त्याच्यासमोर किती वेळ उभा होतो ते लिहीत नाही, कारण वेळ बघायची राहिली. (वहीत तेवढी एकच जागा कोरी आहे.) त्याच दिवशी ते देठासकट ओल्या फडक्यात बांधून, डब्यात घालून, कॉलेजला रवाना केलं. दुसरं ३० तारखेला उमललं आणि त्याच दिवशी पंच बसले. लेखी तर आलेलं नव्हतं. भुजंगराव कुऱ्हाड घेऊनच आले होते, धार लावलेली. मी किल्ली मागून घेतली, पाटावर पांढरं कापड अंथरलं, आणि चार पंचांसमोर फूल उसवलं. एक-एक बारकं फूल सुईनं उचलून ओळीत ठेवत गेलो. पन्नासपर्यंत मोजलं तेव्हा मागं उभी असलेली माणसं पुढं येऊन बसली. ऐंशीला कुणी तरी कंदील जवळ धरला. मी म्हणालो, तुम्ही ज्याला एक म्हणता ते एवढे आहेत. ज्याचं कूळ विचारता त्याच्या कुळात तुमची करडई आहे, पोळ्याला बैलांच्या गळ्यात घालता तो झेंडू आहे, आणि आमच्या विहारात वाहतो ती शेवंती आहे. भुजंगरावांनी भिंग घेतलं, एक डोळा मिटला आणि ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. शेवटी म्हणाले, "यवढी माणसं एका वट्यावर बसल्यात अन भांडण न्हाई?" मंग कुऱ्हाड मांडीखाली सरकवून म्हणाले, लेखी येईपर्यंत पंधरा दिवस थांबू.

म्हणजे १५ डिसेंबर. आज ११ आहे. मी रोज पोस्टात जाऊन बसतो. पण मला काळजी नाही. झाड माझं खरं आहे, आणि खऱ्याला कागद उशिरा मिळतो, पण मिळतो.

असो. पत्र ठरवल्यापेक्षा थोडं लांबलं. अक्कांना जयभीम, वसंताला पुन्हा मंगल कामना, तुम्ही कंबर सांभाळा.

आपला,
पुंजाराम हिवराळे

ता. क. वर ज्या गर्द निळ्या टेरिवूल कापडाचा उल्लेख आला आहे ते कुणाचं, हे लिहायचं राहून गेलं. ते वसंताच्या वरातीच्या कोटाचं, तुम्ही दसऱ्याच्या आधी आणून दिलेलं. परंतु घाबरण्याचं कारण नाही. मी बेततानाच वसंताच्या मापानं बेतलं होतं: छाती छत्तीस, बाही साडेतेवीस. झाडाला खांद्यात किंचित सैल झाला, पण झाड तक्रार करणारं नव्हतं. अस्तर, गुंड्या, काजं सगळं तयार आहे. उजव्या खांद्यावर दवानं थोडा रंग उतरलाय, दोन अंगठ्यांएवढा. तिथं फूल लावावं. वास मात्र कडू येतो, तो सोड्यानं धुऊनही जात नाही. वरातीत डास चावणार नाहीत.

ता. क. २. तिसरी बाही काढली की पाठीत मधोमध साडेसहा इंचांचं भोक राहतं. म्हणून खरं म्हणजे हे पत्र. जालन्याला ज्या दुकानातून कापड घेतलं तिथूनच, त्याच ताग्याचं, पाव मीटर फाडून घ्यावं आणि बुधवारी दुपारच्या गाडीच्या कंडक्टरजवळ द्यावं. तागा संपला असेल तर दुसरा निळा आणू नये, निळ्यानिळ्यात फार फरक असतो. त्यापेक्षा वसंताला वरातभर पाठीवर शाल ठेवायला शिकवावं. त्याला कारण सांगू नये. अक्कांनाही नको. (चांगुणाबाईंनी सांगितलं नसेल असं धरून लिहितो.)

ता. क. ३. पाकीट चिकटवताना पोस्टमन कॉलेजचं पत्र घेऊन आला, म्हणून पुन्हा उघडलं. टंकलिखित, शिक्क्यासह! झुडपाचं नाव टिथोनिया, गाव मेक्सिको, कूळ सूर्यफुलाचं, ज्यात शेवंती, झेंडू व करडई येतात. नाव, गाव, कूळ, तिन्ही, माझ्याच क्रमानं. पुढं लिहिलंय, की हे झुडूप कुठंही, कसल्याही जमिनीत, बिनखताचं येतं आणि हिवाळ्याच्या सुरुवातीस "आपोआप फुलते". या शब्दाविषयी मी त्यांच्याकडे सविस्तर खुलासा मागवला आहे, सोबत बल्बचा नकाशा जोडून. तसंच, काही देशांत याचा पाला तोडून शेतात खत म्हणून गाडतात. हे मी भुजंगरावांना मोठ्यानं वाचून दाखवलं, ती चूक झाली. ते आत्ता वीस काड्या मागायला आलेत. कुऱ्हाड तीच आहे, पण विचारून.

शेवटची ओळ मात्र मी तीनदा वाचली. प्राध्यापकांनी कॉलेजच्या संग्रहासाठी आणखी दोन फुलं, एकाच फांदीवरची, देठासह मागवली आहेत. ती कागदावर चिकटवून खाली लिहिणार: संग्राहक, पुंजाराम हिवराळे, टेंभुर्णी. तशा जोडीच्या कळ्या मधल्या बाहीत आहेत. माझ्या मापानं गुरुवारी उमलतील, फार तर शुक्रवारी. तोवर कोट झाडावरून कायमचा काढणं बराबर होणार नाही, हे तुम्ही जाणता आहात. शनिवारी उसवतो, शिवतो, आणि रविवारी पहिल्या गाडीनं मीच अंगात घालून येतो, म्हणजे घडी मोडणार नाही. शकुन-अपशकुन मी मानत नाही. पण वसंताच्या आधी हा कोट ज्यानं घातला त्याला फुलं आली, एवढं मुलीकडच्यांना सांगायला हरकत नाही.